टपालकाकांचा बटवडा

टपालकाका निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते त्यांच्या पायांना कुणी कळवलं नव्हतं. सकाळी लेकीने हातात दिलेला चहा प्यायचा, रिकामी पिशवी खांद्याला अडकवायची आणि बाजाराच्या रस्त्याला लागायचं. लेकीचं नाव ते विसरले होते, बायको गेली हे विसरले होते, आपण जेवलो की नाही हेही त्यांना सांगावं लागे. बटवड्याचा रस्ता मात्र विसरले नव्हते. देव एखाद्याचं सगळं गाणं काढून घेतो आणि एकच चरण कंठात ठेवतो ना, तसं.

पण बटवडा करायचा तर हातात टपाल हवं. ते आता कोण देणार? मग काका एखाद्या दुकानात शिरत, फळीवरची हाताला येईल ती वस्तू उचलत, डोळ्यांजवळ धरून तिच्यावरची अक्षरं न्याहाळत आणि पुढच्या दुकानात नेऊन देत.

"तुमचं आलंय."

"काय आलंय, काका?" चष्मेवाला विचारी.

"उघडून बघा. दुसऱ्याचं टपाल मी वाचत नाही."

"शांपू! अहो, माझं टक्कल बघा. पत्ता चुकला तुमचा."

"पत्ता बरोबर आहे. माणूस बदलला असेल."

यावर सगळा रस्ता दिवसभर हसे. शांपू असे वहिनींच्या दुकानातला. वहिनी म्हणजे त्या रस्त्याच्या वहिनी. नवरा हयात असताना सगळ्यांचा दादा होता, म्हणून या वहिनी. साबण, तेल, वह्या, खिळे, कुलपं, दोरी, संसाराला लागणारं सगळं त्यांच्याकडे मिळे. शांपू चष्मेवाल्याकडे गेला तर वहिनींकडे चष्म्याची डबी येई, आणि चांभाराच्या दुकानातलं बुटांचं पॉलिश औषधवाल्याच्या काउंटरवर जाऊन बसे. प्रत्येकाने काउंटरखाली एक टोपली ठेवली होती. तिचं नावच टपालाची टोपली. संध्याकाळी काकांची लेक रुग्णालयाच्या धुलाईघरातून सुटली की वडिलांना शोधत याच रस्त्याने येई. जाता जाता या टोपलीतलं त्या दुकानात, त्या टोपलीतलं या दुकानात पोचतं करी, आणि मग काकांचा हात धरून घरी नेई.

"आजचा उलटा बटवडा झाला गं बाई," असं म्हणत पायरीवर टेकायची ती. हातांना चादरींच्या साबणाचा वास. वहिनी तिला पाणी देत.

एकदा तिने काकांना घरात कोंडून पाहिलं होतं. नाइलाज होता, त्यांना शोधायला अर्ध्यातून पळावं लागे आणि कामावरून काढून टाकायची भाषा सुरू झाली होती. संध्याकाळी परत येऊन बघते तर काका पिशवी खांद्याला लावून दाराकडे तोंड करून उभे. सकाळी होते तिथेच, होते तसेच. पाय सुजून बुटात मावेनात. पाण्याचा तांब्या भरलेला. "दार उघडत नाही, साहेब," ते लेकीला म्हणाले, "लोकांची पत्रं अडकलीत." त्या दिवशी ती वहिनींच्या गळ्यात पडून रडली होती. "वहिनी, काय वाट्टेल ते होवो, पण यांना परत कोंडायचं नाही मला. कोंडलं तर उभ्या उभ्या जातील." वहिनी म्हणाल्या होत्या, "अगं, आम्ही कशाला आहोत? रस्ता सांभाळेल त्यांना." आणि रस्त्याने सांभाळलं होतं. कुणी बैठक घेतली नाही, कुणी ठरवलं नाही. देवाची कामं अशीच बिनबोभाट होतात.

मग खऱ्या चोऱ्या सुरू झाल्या.

आधी एखाददुसरी वस्तू जाई, ते कुठल्या दुकानात होत नाही? पण आता टोळकी यायला लागली. तोंडाला रुमाल, डोक्यावर टोपी. दोघं दारात उभे राहत, बाकीचे आत शिरून फळीच्या फळी पोत्यात झाडून घेत. ओरडायचं तर तोंडचं पाणी पळालेलं. पोलीस येत, लिहून घेत, आणि म्हणत, "बाई, एका वेळी गेलेला माल बघितला तर किरकोळ चोरी होते ही. धरले तरी संध्याकाळी सुटतात." वहिनींनी महागाचे डबे आतल्या खोलीत नेले आणि फळीवर रिकामी खोकी मांडली. चष्मेवाल्याने काचेला जाळी बसवली. औषधवाल्याने तर गाशा गुंडाळायचं बोलणं काढलं होतं.

अशात एक दिवस भाऊजी आले. वहिनींचे धाकटे दीर नगरसेवक होते. निवडून आल्यापासून पांढऱ्या कपड्यांत आणि घाईत असत.

"वहिनी, बातमी घेऊन आलोय. वरती विधिमंडळात कायदा येतोय. दुकानातून पुन्हा पुन्हा उचलेगिरी करणाऱ्याच्या सगळ्या चोऱ्या एकत्र मोजायच्या. सगळ्या मिळून एक मोठा गुन्हा, थेट तुरुंग!"

"मग करा ना लवकर."

"आम्ही नाही करत, ते वरचे करतात. आपल्या नगरपालिकेने पाठिंब्याचा ठराव करायचाय. गावोगावचे ठराव गेले की वरच्यांना जोर येतो."

"म्हणजे तुम्ही नुसतं मागून ढकलायचं."

"ढकलायला पण माणसं लागतात, वहिनी. आणि पुरावा लागतो. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण द्या. सगळ्यांचं गोळा करून द्या. तुमचा शब्द कुणी मोडत नाही."

"सगळं देऊ की निवडून?"

"निवडत कुठे बसता? सगळं द्या. आमच्या कार्यालयातला माणूस बघून घेईल."

वहिनी पदर खोचून कामाला लागल्या. दुकानादुकानांत जाऊन चित्रण गोळा केलं, पिशवीत घालून भाऊजींच्या हवाली केलं. देताना त्यांच्या डोळ्यांपुढे होती ती रुमालवाली टोळकी, पोत्यात धडाधडा पडणारे डबे, आणि औषधवाल्याचं उतरलेलं तोंड. टपालकाका मनात आलेच नाहीत. कसे येणार? घरातल्या पोराने डब्यातली साखर खाल्ली तर आई चोरी झाली म्हणते का? कॅमेऱ्याला मात्र घरचा आणि दारचा कळत नव्हता. त्याने दिसेल ते टिपलं होतं.

सभेच्या दिवशी वहिनींनी दुकान लवकर बंद केलं आणि काकांच्या लेकीलाही बोलावलं. "चल गं. टाळ्या वाजवायला माणसं हवीत. काकांनाही घे, तिथे पंखे आहेत."

सभागृह कोंदट होतं. पुढे नगराध्यक्षांची उंच खुर्ची, अर्धगोलात नगरसेवक, मागे लोकांसाठी लाकडी बाक. ध्वनिक्षेपक मध्येच शिट्टी मारी आणि सगळे दचकत. भाऊजी छान बोलले. दुकान म्हणजे गावाचा कणा, दुकानदाराच्या डोळ्यांतलं पाणी, असं बरंच. लोकांनी टाळ्या दिल्या. लेकीने दिल्या, चष्मेवाल्याने सगळ्यांत जोरात दिल्या.

"आता प्रत्यक्षच बघा," भाऊजी म्हणाले. दिवे मालवले. भिंतीवरच्या पडद्यावर चित्रं हलू लागली.

टोळकी दिसली. पण रुमालामागे कोण, कळेना. टोप्या, पाठी, पोती. पाहणारे चुळबुळ करू लागले. मग पडद्यावर अक्षरं आली: 'वारंवार आढळलेला इसम'. कार्यालयातल्या माणसाने आपलं काम नेकीने केलं होतं. सगळं चित्रण बघून जो चेहरा सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत स्पष्ट दिसला, तो त्याने वेचून काढला होता. तो दुसऱ्या गावाहून कामाला येई, त्याला काय माहीत?

टपालकाका साबण उचलतात. टपालकाका काजळाची डबी उचलतात. पिशवी खांद्याला, तोंडावर रुमाल नाही, टोपी नाही. पैसे न देता बाहेर पडतात. हे दुकान, ते दुकान, आज, उद्या, परवा. एका चित्रात तर कॅमेऱ्याकडे बघून त्यांनी मान लववली, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी.

अंधारात कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. लेकीने वहिनींचा हात धरला, आणि मग हळूच सोडला.

वहिनी उभ्या राहिल्या. "हे बंद करा! ही चोरी नाही!"

दिवे लागले. नगराध्यक्ष वयस्क गृहस्थ. काकांनी त्यांच्या घरीही आयुष्यभर पत्रं टाकली होती. त्यांनी चष्मा पुसला. "वहिनी, मी यांना ओळखतो. इथे कोण ओळखत नाही?"

"मग सांगा ना सगळ्यांना! वस्तू परत येतात. रोज संध्याकाळी येतात. आमची रीत आहे ती."

नगराध्यक्षांनी शेजारच्या कायदा सल्लागाराकडे पाहिलं. तरुण, सभ्य माणूस. तो उठून म्हणाला, "बाई, दुकानदाराला न विचारता, पैसे न देता माल दुकानाबाहेर नेला, की मसुद्याप्रमाणे कृत्य पूर्ण होतं. नंतर परत आला ही वेगळी बाब."

"अहो, त्यांचं डोकं ठिकाणावर नाही!"

"ते न्यायालय बघेल."

"न्यायालयापर्यंत कशाला? आत्ताच एक ओळ घाला. ज्याला कळत नाही त्याला सोडून, एवढंच लिहा. बाकी तुमचा ठराव तुम्हाला लखलाभ."

"आपण कायदा करत नाही आहोत," तो समजुतीने म्हणाला, "आपण फक्त पाठिंबा देतोय. पाठिंब्यात दुरुस्ती बसत नाही. एक तर द्यायचा, नाहीतर नाही."

"मग देऊ नका," वहिनी म्हणाल्या.

बाकांवर कुजबुज झाली. औषधवाला मागून म्हणाला, "असं कसं, वहिनी? माझं दुकान बुडायला आलंय." त्याचा आवाज चिडका नव्हता, रडवेला होता. त्याचंही खरंच होतं.

भाऊजी जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "खाली बसा. तुमच्याच पुराव्यावर चाललंय हे. एका म्हाताऱ्यासाठी सगळ्या गावाचा ठराव पाडता?"

"पुरावा मी त्यांच्याविरुद्ध दिला नव्हता, भाऊजी."

"सगळं दिलंत ना? मग हेही दिलंत."

हे चालू असताना काका बाकावरून कधी उठले, कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते नगरसेवकांच्या अर्धगोलातून फिरत होते. एकाच्या पुढ्यातली पेनाची डबी त्यांनी उचलली आणि पलीकडच्या बाईंसमोर ठेवली. "तुमचं आलंय." बाईंनी सवयीने "थँक्यू काका" म्हटलं आणि मग जीभ चावली. दारात उभा असलेला पोलीस अधिकारी डोळे बारीक करून बघत होता. लेक धावत गेली आणि काकांना दंडाला धरून बाहेर घेऊन गेली. जाताना तिने कुणाकडेच पाहिलं नाही.

हात वर करून मतदान झालं. सगळे हात वर गेले, त्या पेनाच्या डबीवाल्या बाईंचाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेवाल्याने दोनतीनदा वाजवल्या आणि हात मांडीवर ठेवून दिले.

ठराव वर गेला. कायदा वरच कुठेतरी फायलींत पडून राहिला. या अधिवेशनात येईल, पुढच्या येईल, असं भाऊजी सांगत. रुमालवाल्यांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ते पूर्वीसारखेच येत होते. पण पुराव्याची एक प्रत रीतीप्रमाणे पोलीस ठाण्यात गेली होती. तो अधिकारी लेकीच्या घरी जाऊन आला. वाकडं बोलला नाही, चहाही घेतला. म्हणाला, "ताई, आत्ता काही करत नाही आम्ही. पण सगळं नोंदलेलं आहे. कायदा आला आणि हे असंच चालू राहिलं, तर वडिलांना उचलावंच लागेल. त्याआधी घरात ठेवा."

रस्त्यावरही वारा फिरला. दुकानदारांच्या संघटनेच्या वकिलाने सांगितलं, टपालाच्या टोपल्या ताबडतोब काढा. दुसऱ्याचा गेलेला माल आपल्याकडे ठेवून घेणं म्हणजे चोरीचा माल बाळगणं. आपणच ठराव मागितला, आपल्याच काउंटरखाली माल सापडला तर?

"वहिनी, रागावू नका," चष्मेवाला म्हणाला. त्याने वहिनींना आत घेऊन दाराला आतून कडी घातली होती, आणि काका बाहेर उभे राहून काचेवर बोटाने टकटक करत होते. हातात कंगवा. "मला बघवत नाही. पण मुलंबाळं आहेत मला."

"टक्कल आहे तुम्हाला, कंगवा घ्यायला काय जातं?" वहिनी म्हणाल्या. तो हसला नाही.

काका कंगवा घेऊन चांभाराकडे गेले. तिथेही दार लागलेलं. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, परत फिरले. उन्हात कंगवा तसाच हातात. न पोचवलेलं टपाल घेऊन घरी जायची त्यांना कधी सवय नव्हती.

वहिनी भाऊजींकडे गेल्या. "ठराव मागे घ्या."

"तो काय उसना दिलाय, मागे घ्यायला? गेला वर."

"मग पुरावा तरी मागे घ्या."

"वहिनी," भाऊजी थकून म्हणाले, आणि पहिल्यांदाच घाईत नव्हते, "मलाही झोप लागत नाही हो. माझ्या पहिल्या नोकरीचं पत्र त्यांनीच आणून दिलं होतं. पण आता कुणाच्या हातात काही नाही."

मग वहिनींनी दुसरा उपाय केला. काकांना दुकानात खुर्ची दिली, समोर जुन्या वह्या ठेवल्या. "काका, ही छाननी करा." काका थोडा वेळ बसले. मग पाय हलायला लागले, मग सगळं अंग. "उशीर होतोय, साहेब." तेव्हा वहिनी म्हणाल्या, ठीक आहे, मी बरोबर येते. त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं, बाहेरची लोखंडी पट्टी सरकवली आणि काकांच्या बरोबर निघाल्या. दुकानादुकानाशी थांबायचं, काका वस्तू उचलणार, वहिनी दुकानदाराच्या हातावर पैसे ठेवणार, मग ती चोरी कशी होईल? त्यांना वाटलं, सापडला मार्ग. देवाजवळ हात जोडले त्यांनी चालता चालता. काका खुशीत होते. एका घराच्या पायरीवर तर त्यांनी वहिनींना शिकवलं, की कुत्रं असलं तर आधी हाक मारायची.

परत आल्या तेव्हा दाराची पट्टी तुटलेली होती. आतली खोलीही झाडून नेली होती. फळीवरची रिकामी खोकी तेवढी चोरांनी पायाखाली तुडवली होती. शेजारी म्हणाले, "आम्हाला वाटलं तुम्ही आहात आत."

काका चुरगळलेलं एक खोकं उचलून सरळ करायला लागले. वहिनी तिथेच बसल्या. रडल्या नाहीत. उरलेल्या मालावर आता दुकान चालेल न चालेल, पण रोज टाकून जाता येणार नाही, हे त्यांना कळलं. लेक संध्याकाळी आली, तिने सगळं पाहिलं, आणि झाडू घेऊन केर काढू लागली.

पुढे चार दिवसांनी ती सकाळीच आली, कामावर जायच्या आधी. बरोबर काका, खांद्याला पिशवी.

"वहिनी, एक कुलूप हवंय. बाहेरून लावायचं."

वहिनींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "चहा घेणार?"

"उशीर होईल. कुलूप द्या."

"नाही माझ्याकडे. चोरून नेलं सगळं."

"मागे टांगलेलं दिसतंय."

वहिनी वळल्या नाहीत. "अगं, थांब ना थोडं. मी भाऊजींशी पुन्हा बोलते. कुणी बाई ठेवू घरी. मी देईन काहीतरी..."

"तुमच्याच दुकानात काय उरलंय, वहिनी?" लेक हळू बोलत होती, वडिलांना ऐकू जाऊ नये तसं. "तुरुंगात त्यांना उभं राहायला दार तरी कुणाचं असेल? घरचं दार बरं. तुम्ही नाही दिलंत तर पुढच्या दुकानातून घेईन."

वहिनींनी कुलूप काढलं. जड होतं, पितळी. किल्ली लावून उघडझाप करून दाखवायची त्यांची नेहमीची पद्धत. आज त्यांनी ते तसंच काउंटरवर ठेवलं. लेकीने पैसे काढून शेजारी ठेवले.

"राहू दे गं. माझ्याच्याने पैसे घेववणार नाहीत."

"घ्या," ती म्हणाली. "फुकट नेलं तर काय म्हणतात, तुम्हाला माहीत आहे."

लागलं ते वहिनींना. लेकीलाही लागलं असावं. पण तिने पैसे उचलले नाहीत आणि शब्दही मागे घेतला नाही.

काकांनी कुलूप हातात घेतलं होतं. वजन बघितलं, किल्ली फिरवली, कानाजवळ नेऊन खटका ऐकला. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा असा जागेवर आलेला दिसत होता.

"पक्कं आहे," ते म्हणाले. "कुठे लावायचंय?"

"घराला, अण्णा," लेक म्हणाली.

"लावा, लावा." त्यांनी मान डोलावली आणि वहिनींकडे वळून सांभाळून राहायला सांगावं तसं म्हणाले, "हल्ली चोऱ्या फार वाढल्यात."

लेकीने त्यांच्या खांद्यावरची पिशवी नीट केली आणि त्यांचा हात धरला. दोघं पायऱ्या उतरले आणि बाजाराकडे न वळता घराकडे वळले. काका एकदा थांबले, चुकीच्या दिशेला निघालो असं काहीसं तिला सांगू लागले. ती ऐकत होती, हो म्हणत होती, आणि चालत होती.